नॉर्मन क्रॅबट्रीचं कपाळ

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यात अस्सल वऱ्हाडी बोलणारा माणूस इंग्रज होता. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका गणपतीत. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये ते लाकडी चौथऱ्याचं एक टोक एकट्याने उचलून आणत होते आणि दुसऱ्या टोकाला आमचे इंजिनियर लोक धापा टाकत होते. मी नेमकी वाटेत उभी. "मांगं सर नं बाप्पा, पायावर पडीन," असं कुणीतरी म्हणालं. मी इकडेतिकडे पाहिलं, तर बोलणारा तोच, सहा फुटांहून उंच, पिकल्या केसांचा, मोडून वाकडं बसलेल्या नाकाचा गोरा माणूस. पुण्याची मंडळी हसली. माझा नवरा गिरीश म्हणाला, "हे शोभामावशींचे मिस्टर. एकेकाळचे प्रोफेशनल फुटबॉलर आहेत, यार. इंग्लंडचे."

पुढे आम्ही त्यांच्या शेजारचंच घर घेतलं. त्यामुळे नॉर्मनकाका मला जवळून बघायला मिळाले, आणि त्यांचा शेवटही.

नॉर्मन क्रॅबट्री लँकेशायरमधल्या एका सूतगिरणीच्या गावचे. वडील गिरणीत, काका गिरणीत, आई घरी शिवणकाम करायची. अभ्यासात लक्ष नव्हतं, पण अंगात उंची होती आणि भीती नव्हती. पंधराव्या वर्षी गावच्या क्लबने उमेदवार म्हणून घेतलं. उमेदवारी म्हणजे मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायचे, न्हाणीघर धुवायचं आणि उरलेल्या वेळात खेळ शिकायचा. प्रेक्षकांच्या स्टँडखाली एका तुळईला दोरीने चेंडू टांगलेला असे. ट्रेनर त्यांना त्याच्यासमोर उभं करून म्हणायचा, मार डोकं. ते उडी मारून कपाळ आपटायचे, चेंडू झुलून परत यायचा, ते पुन्हा मारायचे. मैदानावर पाऊस असला की कातडी चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा. खेळायची जागा सेंटर हाफ. म्हणजे गोलसमोर उभं राहून उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परत पाठवायचा.

तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या वर ते कधी गेले नाहीत. लोकांनी नाव काढावं असा सामना एकच झाला. एका मोठ्या संघाला त्यांच्या छोट्या क्लबने कपच्या सामन्यात रोखून धरलं. त्यातला उत्तरार्ध मात्र काकांना कधीच आठवला नाही, कारण मध्यंतराआधी कुणाच्या तरी डोक्याशी टक्कर होऊन ते आडवे झाले होते. ट्रेनरने मानेवर गार पाण्याचा स्पंज पिळला आणि परत आत धाडलं. "आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळलो म्हणे मी. मले काय माहीत!" हे काका इतकं हसत सांगायचे की आम्हीही हसायचो.

अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेत फुटबॉलची हवा होती. डेट्रॉइटच्या एका संघाने इंग्लंडमधून काही खेळाडू उचलले, त्यात हे आले. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या गवतावर खेळायचं. त्या गवतात गुडघा अडकून फिरला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे अमरावतीची शोभा देवतळे होती. नागपूरला शिकलेली, डेट्रॉइटला एकटी राहणारी, पेशंटला रडवल्याशिवाय न सोडणारी.

"मी त्याला म्हटलं, मी मांस खात नाही, तेव्हा जेवायला वगैरे बोलावू नको," मावशी सांगायच्या. "तर हा गडी कॅफेटेरियात माझ्यासमोर येऊन बसायचा आणि उकडलेले बटाटे खायचा. रोज. शेवटी मलाच कीव आली."

लग्न झालं तेव्हा मावशींच्या वडिलांनी, ते हेडमास्तर होते, ट्रंक कॉल मध्येच ठेवून दिला. काही वर्षांनी लेकीला, प्रीताला, घेऊन दोघं अमरावतीला गेले. जावयाशी काय बोलायचं म्हणून हेडमास्तर बाहेरच्या खोलीतच पेपर वाचत बसले, आणि हा उंच जावई स्वयंपाकघरात सासूजवळ पाट टाकून बसला. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. एका उन्हाळ्यात त्या माउलीने त्याला भाषा शिकवली, ती तिची स्वतःची, जशीच्या तशी. परत आल्यावर नवराबायको घरात मराठीच बोलत. भांडायचं इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत, असं मावशी म्हणायच्या.

डेट्रॉइटचा संघ बुडाला. मग एक गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना, तोही बंद झाला. शेवटी शाळांची मैदानं राखायचं काम मिळालं आणि त्याबरोबर मुलींच्या फुटबॉलचं कोचिंग. ट्रॉयमधल्या आमच्या कितीतरी लेकी त्यांच्या हाताखालून गेल्या. माझी अनिकाही. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. काका हाताने चेंडू उंच फेकायचे आणि ओरडायचे, "डोळे उघडे! कपाळावर घे, डोक्याच्या मधात नाही!" अनिकाच्या कपाळावर लाल गोल उमटला की ते टाळ्या वाजवायचे.

दोन हजार पंधराच्या शेवटी नियम आला की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी चेंडू डोक्याने खेळायचा नाही. मेंदूला इजा होते. शाळेत पालकांची मीटिंग झाली. तिथे काका उठले आणि आम्ही कधी पाहिले नव्हते असे लाल झाले. "मी आयुष्यभर केलं. काय झालं मला? बघा, काय झालं मला?" असं ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पुढच्या रांगेतले एका मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "नॉर्मन, प्लीज सिट डाउन." काकांनी त्यांची कॉलर धरली.

शाळेने त्यांना कामावरून काढलं. मावशींना वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख आहे. मग वाटलं, चोरून पितोय की काय. त्यांनी गॅरेज शोधलं, गाडीची डिकी शोधली. काही सापडलं नाही. मग काका एकदा दूध आणायला गेले ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. पलीकडच्या नोव्हाय गावातल्या एका पेट्रोल पंपावरून कुणीतरी फोन केला. गाडी चालू होती आणि ते आत बसून होते. कुठे जायचंय ते सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांकडे मावशी मला सोबत घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने प्रेमाने विचारलं, "मिस्टर क्रॅबट्री, तुम्ही काय काम करत होता?"

"गिरणीत," काका म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "अरे, फुटबॉल नाही का खेळायचास तू?"

त्यांनी मावशींकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईकडे वळून, बायकोच्या वतीने माफी मागावी तसे हसले. "माझे वडील गिरणीत होते. मीही. फुटबॉल शनिवारी बघायला जायचो."

असं ऐकलं होतं की माणूस सगळं विसरला तरी ज्यात आयुष्य घातलं ते शेवटी राहतं. गवई गाणं म्हणतो, भटजी मंत्र म्हणतो. काकांच्या बाबतीत फुटबॉल सगळ्यात आधी गेला. त्यांच्याबरोबर डेट्रॉइटला खेळलेला टेरी नावाचा गोलकीपर ओहायोहून मुद्दाम गाडी चालवत भेटायला आला. त्याने संघाचा जुना फोटो आणला होता. काका बराच वेळ फोटो बघत राहिले. मधल्या रांगेतल्या उंच पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बरा दिसतो. कोण हा?"

टेरी चहा अर्धा टाकून उठला. ड्राइव्हवेमध्ये मावशींना म्हणाला, "आमच्या त्या संघातले आणखी तिघं असेच आहेत." मग गाडीत बसताना म्हणाला, "मी गोलकीपर होतो. मी हाताने खेळायचो." जणू कुणीतरी त्याला जाब विचारला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होते. काका त्यांच्या डेकवर उभे होते. मी रोजच्यासारखं विचारलं, "काका, जेवण झालं का?" एरवी उत्तर ठरलेलं असायचं, "झालं नं बाप्पा, तुमचं?" त्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, कानामागे हात धरला आणि इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, कळलं नाही मला."

मी पुन्हा विचारलं. हळू. ते पुन्हा तसेच हसले.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत गेल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आठ दिवस झाले, चारू. मी सांगितलं नाही कुणाला. मला वाटलं, कान गेले असतील. त्याचं मराठी गेलं."

"येईल परत. कधी कधी जातं, कधी येतं."

"नाही येणार. मी वाचलंय. नंतर शिकलेली भाषा आधी जाते." मग त्या वऱ्हाडीवर आल्या, संतापल्या की यायच्या तशा. "चाळीस वर्सं ज्या भाषेत संसार केला न, त्यातला एक शब्द नाही राह्यला त्याच्यापाशी. मंग मी कोण हाय त्याची?"

मी भाजी डब्यात घालून दिली. त्या डबा तिथेच विसरून गेल्या.

काका इंग्रजीतही मागे मागे सरकत गेले. अमेरिकेत येऊन घासून गुळगुळीत झालेले उच्चार गेले आणि गिरणीच्या गावची बोली वर आली, लहान पोराची. ती मावशींना निम्मी कळायची, निम्मी नाही. ते काहीतरी मागायचे, त्या पाणी द्यायच्या, ते ढकलून द्यायचे. त्या चादर द्यायच्या, ते ओरडायचे. नवरा काय मागतोय ते कळत नाही म्हणून ही बाई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ऐकू यायचं.

एके दिवशी त्यांना आंघोळ घालताना काकांनी मावशींचा हात पिरगाळला. परका माणूस कपडे काढतोय असं वाटलं असणार. मनगट मोडलं. "आवाजावरूनच कळलं मला," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांची हाडं बघितलीत." त्या दुखऱ्या हाताने त्यांनी आधी काकांना टॉवेल गुंडाळला, खुर्चीवर बसवलं, आणि मग मला फोन केला.

प्रीता न्यू जर्सीहून आली. आयसेलिनजवळ तिचं घर, वकिलीची धावपळीची नोकरी. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलायला लागली. "आई, धिस इज नॉट सेफ. ही नीड्स मेमरी केअर."

"तिथे कुणालाही त्याची भाषा कळणार नाही."

"तुला तरी कळते का?" प्रीता म्हणाली. ती एवढंच मराठीत बोलली.

"तो माझा नवरा आहे, प्रीता."

"ही डझन्ट नो दॅट, आई."

मावशींनी प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं."

स्मृती गेलेल्यांच्या त्या केंद्रात काकांना न्यायच्या दिवशी गाडी गिरीशने चालवली. काका मागे मावशींशेजारी बसले होते, शांत, बाहेर बघत. इमारत बुटकी आणि स्वच्छ होती, दरवाजा आतून कुलूपबंद राहणारा. एक दणकट, हसरी मदतनीस त्यांचा हात धरून आत घेऊन गेली. ते चार पावलं गेले, थांबले, वळले. मावशी पुढे झाल्या. पण काकांना दार बघायचं होतं. बंद झालेलं दार त्यांनी हाताने चाचपून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की प्रीता पाठ फिरवून गाडीकडे पळाली.

मावशी रोज जायच्या. काका त्यांना 'मिस' म्हणायचे. शाळेत बाईंना म्हणतात तसं. "मिस, मी घरी जाऊ का आता? आई वाट बघत असेल." मावशी म्हणायच्या, थोड्या वेळाने. मग पुन्हा तेच. एकदा त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हणाल्या, "नॉर्मन, मी शोभा. मी शोभा आहे रे." अनोळखी बाई अनोळखी भाषेत हात धरून काहीतरी बोलतेय म्हणून ते घाबरले. किंचाळायला लागले, कोपऱ्यात जाऊन भिंतीवर कपाळ आपटायला लागले. मदतनिसांनी मध्ये उशी धरली. नंतर तिथल्या मॅनेजरबाईंनी मावशींना ऑफिसात बसवून सांगितलं, तुम्ही आलात की ते अस्वस्थ होतात. जरा कमी येत जा.

त्या कमी जायला लागल्या. खिडकीपाशी उभं राहून, ते झोपलेले असताना बघून यायच्या.

शेवटी काका गिळायचंच विसरले. अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया झाला. तेवीस सालच्या मार्चमध्ये, बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झालेला असताना, ते गेले. प्रीताने आधीच चौकशी करून ठेवली होती, संशोधनासाठी मेंदू द्यायचा म्हणून. मावशी ऐकून पेटल्या. "सगळ्यांनी त्याच्या डोक्यावरच मारलं आयुष्यभर. आता मेल्यावर चिरायचं?"

"आई, आपल्याला कळेल तरी काय झालं ते."

"कळून काय करू मी?"

पण सही केली. काका तसेच, डोक्याला पांढरं कापड गुंडाळून, विद्युतदाहिनीत गेले. मंडळातले थोडे लोक होते. मैदानावर त्यांच्याकडून शिकलेल्या मुलींपैकी कुणी येऊ शकलं नाही. सगळ्या दूरदूरच्या शहरांत, कामाचा दिवस होता. अनिकाने फोन केला. मी तिला विचारलं, डोकं वगैरे दुखत नाही ना गं तुझं कधी? ती म्हणाली, "मॉम, स्टॉप. आय ॲम फाइन." आताही दर फोनला विचारावंसं वाटतं. विचारत नाही.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर निकाल सांगितला. मावशींनी मला शेजारी बसवून घेतलं होतं, प्रीता तिच्या घरून होती. डॉक्टर म्हणाले, मेंदू आक्रसला होता आणि त्याचं कारण वर्षानुवर्षं बसलेले मार. टकरीपेक्षाही ते रोजचे, छोटे, चेंडूचे. आजार लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वीस वर्षं, तीस वर्षं. आधी स्वभावात फरक पडतो, चिडचिड, संशय.

मावशींनी इंग्रजीत विचारलं, "म्हणजे माझी मुलगी शाळेत होती तेव्हा तो आजारी होता?"

"शक्य आहे. नक्की सांगता येत नाही."

"एकदा त्याने स्वयंपाकघराचं दार लाथ मारून तोडलं होतं. प्रीता टेबलाखाली लपली होती. ते त्याने केलं, की ह्या आजाराने?"

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, ते आम्हाला कापून दिसत नाही."

कॉल संपल्यावर मावशी उठून ते दार बघायला गेल्या. दार नंतर बदललेलं होतं, साधं पांढरं. "त्याच्यानंतर मी किती दिवस बोलले नव्हते त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "तो माफी मागत होता आणि मी बोलत नव्हते. मी कुणावर रागावले होते, चारू? कोण होतं ते?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यांना तो कळलाही नसावा.

घर विकून त्या प्रीताकडे गेल्या. गेल्या शरद ऋतूत मी आणि गिरीश न्यू जर्सीला गेलो तेव्हा भेटलो. त्यांना ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत घेऊन गेलो, भाजी घेतली, डोसा खाल्ला. त्या बारीक झाल्या होत्या आणि फार सावकाश चालत होत्या. जेवताना मी बोलायचं म्हणून बोलले, "मावशी, काकांचं ते स्टेज उचलणं आठवतं का हो? मांगं सर नं बाप्पा?"

त्यांनी सांबाराची वाटी बाजूला सारली.

"तुम्ही सगळे सांगता मला. हसायचा, असं बोलायचा, तसं करायचा. मला तो आठवतच नाही गं. डोळे मिटले की तो शेवटचाच दिसतो, भिंतीपाशी. आधीचा आणायचा प्रयत्न करते. येत नाही."

गिरीश बिल द्यायला उठला. बाहेर पार्किंगमध्ये वारा सुटला होता. मावशींच्या स्वेटरचं वरचं बटण लागत नव्हतं, मोडून जुळलेल्या मनगटात जोर नव्हता. मी ते लावून दिलं आणि आम्ही त्यांना प्रीताच्या घरी सोडलं.